फॉक्सप्रोचे दफ्तरदार

पतसंस्थेच्या खिडकीशी पासबुक घेऊन उभा राहिलेला सभासद आणि आतील काळ्या पडद्याकडे टक लावून बसलेला कारकून यांच्यामध्ये जी लोखंडी जाळी असते, तिच्या पलीकडे गेली तीस वर्षे एकाच खुर्चीवर, एकाच उशीवर आणि एकाच प्रोग्रॅमवर बसलेला इसम ज्याने पाहिला नाही, त्याने सीमाभाग पाहिला असे म्हणता येणार नाही. हा इसम निपाणीस तंबाखूच्या वखारीत आढळतो, खानापुरास भाताच्या गिरणीत आढळतो, आणि बेळगावच्या उत्तरेस घटकाभराच्या अंतरावर, बटाटे, रताळी आणि दरसालचे मराठी साहित्यसंमेलन या तीन पिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या कडोलीतही आढळतो. प्रस्तुत लेखासाठी मी कडोलीचा नमुना निवडला आहे; तो सर्वोत्कृष्ट आहे म्हणून नव्हे, तर माझी मुदतठेव त्याच्या ताब्यात आहे म्हणून.

संस्थेचे नाव मी देत नाही आणि या इसमाचे, म्हणजे अण्णांचे, खरे नावही देत नाही. ज्याने त्याने आपापल्या गावचे नाव तेथे घालून घ्यावे, मजकुरात विशेष फेरफार करावा लागणार नाही. अण्णांची मूळ नेमणूक कारकून म्हणून झाली, पुढे हुद्दा व्यवस्थापकाचा मिळाला, निवृत्तीनंतर सल्लागार अशी पाटी लागली. पण सभासदांच्या लेखी ते आरंभापासून केवळ ‘कॉम्प्युटर’ आहेत. ‘कॉम्प्युटर आहे काय?’ अशी चौकशी करीत एखादी म्हातारी खिडकीशी आली आणि आतून ‘जेवायला गेलाय, बसा’ असे उत्तर तिला मिळाले, तर परगावच्या मनुष्याने चकित होऊ नये. पांढरा सदरा, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि भिंतीवरील खिळ्यास शेपटीने लटकवून ठेवलेला माउस ही त्यांची ओळखीची चिन्हे होत. माउस लटकवण्याचे कारण मी एकदा विचारले असता, ‘उंदीर दफ्तरात सोडूने न्हवं, मास्तर,’ असे उत्तर मला मिळाले, आणि त्यावर प्रतिवाद करण्यासारखे मला अद्याप काही सुचलेले नाही.

अण्णांचा आणि संगणकाचा संबंध आला तो १९९० च्या आगेमागे, जेव्हा बेळगावात संगणक शिकवणारे वर्ग नुकतेच निघू लागले होते आणि वातानुकूलित खोलीच्या उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढून ठेवण्याची तेथे सक्त ताकीद असे. देवळात आणि या खोलीत सारखेच अनवाणी जावे लागते, त्याअर्थी दोन्ही ठिकाणची दैवते एकाच कोटीची असली पाहिजेत, असा जो निष्कर्ष अण्णांनी त्या दिवशी काढला तो त्यांनी पुढे कधीही मागे घेतला नाही. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस हे चार वेद तेथे सहा महिन्यांत पढवीत. पैकी चौथ्यावर अण्णांची भक्ती जडली आणि त्या वेदाची उत्पत्तिकथा ते आजही एखाद्या कीर्तनकाराच्या तन्मयतेने सांगतात. त्याचा द्रष्टा वेन रॅटलिफ हा अमेरिकेत ग्रहांकडे याने धाडणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत कामास होता; आणि या गृहस्थाने १९७८ च्या सुमारास घरच्या संगणकावर जो प्रोग्रॅम लिहावयास घेतला, तो मंगळ किंवा शनी यांच्या अभ्यासासाठी नव्हे, तर कचेरीतील सहकाऱ्यांनी फुटबॉलवर लावलेली पैज आपण जिंकावी एवढ्याच उदात्त हेतूने. पुढे ज्या कंपनीने तो बाजारात आणला तिचे नाव अ‍ॅश्टन-टेट. त्यांतील टेट हा हाडामांसाचा मनुष्य होता, अ‍ॅश्टन मात्र कधी जन्मासच आला नव्हता, केवळ पाटी भारदस्त दिसावी म्हणून तो निर्माण करण्यात आला होता. आणि प्रोग्रॅमच्या पहिल्याच आवृत्तीस ‘डीबेस दोन’ हे नाव दिले, कारण पहिल्या आवृत्तीत चुका असतात हे गिऱ्हाइकास ठाऊक असते. ‘म्हंजे बघा मास्तर,’ अण्णा येथे चष्मा पुसतात, ‘पैज लावणारा कारकून, नसलेला भागीदार आणि नसलेला पहिला नंबर. पतसंस्था काढायला आणि काय पाहिजे?’

डीबेसच्या पाठोपाठ ओहायो प्रांतातील फॉक्स कंपनीने तीच भाषा अधिक चपळ करून फॉक्सप्रो काढला, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, आणि १९९४ मध्ये निघालेल्या फॉक्सप्रोच्या २.६ या आवृत्तीवर बेळगावच्या टिळकवाडीतील एका होतकरू तरुणाने आमच्या संस्थेसाठी संपूर्ण जमाखर्च बसवून दिला. तो तरुण लवकरच आखाती देशात गेला. जाताना त्याने प्रोग्रॅमचे मूळ लेखन एका फ्लॉपीवर काढून अण्णांच्या स्वाधीन केले होते. अण्णांनी ती फ्लॉपी तिजोरीत ठेवली, आणि आमच्याकडचा पाऊस तिजोरीसही जुमानत नसल्यामुळे दोन श्रावणांत तिच्यावर पांढरी बुरशी चढली. तेव्हापासून प्रोग्रॅम चालतो, पण बदलत नाही. वेदांविषयीही परंपरेचे म्हणणे याहून फारसे वेगळे नाही.

आता, इतक्या जुन्या वस्तूस मनुष्य का चिकटून राहतो, असा प्रश्न तरुण संचालकांना पडतो, आणि ते त्याचे उत्तर ‘हट्ट’ या एका शब्दात देऊन मोकळे होतात. मला हे उत्तर उतावीळपणाचे वाटते. अण्णा कीर्द-खतावणीच्या युगात घडलेले. सकाळी कीर्द उघडावी, दिवसभर जमा आणि नावे टाकावे, सायंकाळी तेरीज मारावी, हातची रोकड आणि वहीतील शिल्लक यांची रुजुवात झाली की दफ्तर बांधून दिव्याला हात जोडावे, हा क्रम त्यांच्या अंगात मुरलेला. आणि फॉक्सप्रोच्या निळ्या पडद्यावर त्यांना दिसले ते काही नवीन नव्हते, तीच वही तेथे उभ्या-आडव्या रेघांसकट उघडी पडली होती. ही वही आमच्या मुलखात जुनी आहे. शेतकऱ्यांच्या या देशातील अगदी पहिल्या पतपेढ्यांपैकी एक उभी राहिली ती १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावी. तेव्हा गदगचा धारवाड आणि आमचा बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कागदांची भाषा पालटली, पाट्या पालटल्या, पण कीर्दीच्या तळाशी येणारा शब्द काही हलला नाही. कानडी तपासनीस ‘शिल्कु’ म्हणतो, अण्णा ‘शिल्लक’ म्हणतात, आणि दोघांच्या बेरजेत एका पैशाचाही सीमावाद उरत नाही.

तथापि वही जुनी राहिली तरी जे टेबल तिला वाहून नेते ते दर सहा-सात वर्षांनी बदलावे लागते, आणि अण्णांच्या चरित्रातील सर्व संकटे या टेबलांच्या बदलाशी निगडित आहेत. पहिले संकट एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आले. नवे, वेगवान यंत्र आणले, नारळ फोडला, कुंदा वाटला, प्रोग्रॅम चालू केला, आणि पडद्यावर ‘शून्याने भाग’ एवढेच शब्द उमटून सर्व काही स्तब्ध झाले. कारण असे निघाले, की फॉक्सप्रो उठल्याबरोबर एक ठरावीक कवायत करून तिला किती वेळ लागला हे पाहतो आणि त्या वेळाने भागून यंत्राचा वेग काढतो. नव्या यंत्राने ती कवायत इतक्या झटक्यात उरकली की वेळ शून्य भरला. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ म्हटले आहे आणि तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी तिच्यात फरक पडत नाही असे तिचे वर्णन केले आहे, जे आमच्या कित्येक थकबाकीदारांच्या खात्यांस तंतोतंत लागू पडते. अण्णांनी बेळगावहून एका जाणत्यास आणून मूळ फॉक्सप्रोला बारीकसे ठिगळ लावून घेतले आणि काम पूर्ववत सुरू झाले.

दुसरे संकट याहून विलक्षण होते. त्यापुढच्या यंत्रात तबकडीवर मोकळी जागा अफाट होती, आणि प्रोग्रॅमने पहिल्याच दिवशी ‘जागा अपुरी आहे’ असा अर्ज केला. त्या काळातील अनेक प्रोग्रॅम मोकळी जागा ज्या खान्यात लिहून ठेवीत त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावे. त्यापुढे एकाची भर पडली की आकडा उलटून उणे होई, आणि उणे जागेत कीर्द कोठे मांडणार? तेहेतीस फुटी साखळी घेऊन मोजणीस निघालेल्या मोजणीदारापुढे अरबी समुद्र आला असता त्याने ‘जमीन नाही’ असा शेरा मारावा, तशातला हा प्रकार. यावर अण्णांनी जो उपाय योजला तो त्यांच्या प्रतिभेचा निदर्शक आहे. जागा फार झाली असेल तर ती भरून काढली पाहिजे, असे म्हणून त्यांनी गावातील छायाचित्रकाराकडून साहित्यसंमेलनाच्या भाषणांच्या चित्रफिती आणल्या आणि मोकळी जागा प्रोग्रॅमच्या आकलनात येईपर्यंत त्या तबकडीवर ओतल्या. त्यांत माझेही एक आभारप्रदर्शन आहे. माझे कोणतेही वक्तव्य एखाद्या संस्थेचा आर्थिक व्यवहार सुरळीत होण्यास इतके साहाय्यभूत झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

तिसरे संकट अखेरचे ठरेल असा सर्वांचा होरा होता. नव्या चौसष्ट बिटी विंडोजने डॉसच्या काळातील प्रोग्रॅमांस दारातूनच परत पाठवण्याचे धोरण धरले. फॉक्सप्रोवर दोनदा टिचकी मारली की, हा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालू शकत नाही, असे सभ्य परंतु निःसंदिग्ध उत्तर येऊ लागले. संचालक मंडळात उत्सवाचे वातावरण पसरले. पण बंगळुरास नोकरीस असलेला माझा पुतण्या दिवाळीस गावी आला होता. त्याने दया येऊन अण्णांना डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम बसवून दिला, जो नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग वठवतो. हा डॉसबॉक्स २००२ मध्ये प्रथम बाहेर पडला आणि त्याच्या कर्त्यांनी तो निर्माण केला तो जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळता यावेत म्हणून. अर्थात आजमितीस आमच्या संस्थेचे भागभांडवल, ठेवी, पिग्मी आणि सोनेतारण हे सर्व खेळण्यांच्या डब्यात सुरक्षित आहे. तरुण संचालकांनी हा मुद्दा सभेत मोठ्या आवेशाने मांडला. ‘पैजेसाठी केलेला प्रोग्रॅम खेळासाठी केलेल्या डब्यात चालूलाय,’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘कुळाचार मोडला काय?’

त्यांची सकाळ पाहण्याजोगी असते. कार्यालय झाडून झाले, उदबत्ती फिरवून झाली, की ते यंत्राची कळ दाबतात आणि मग पडद्यावर विंडोज उघडून जे काही येते, म्हणजे हवामान, चित्रपटनट्यांच्या बातम्या, अद्ययावत होण्याविषयीच्या विनवण्या, त्या सर्वांकडे लग्नघरी आलेल्या आगंतुकांकडे पाहावे तसे पाहत, चहा संपेपर्यंत थांबतात. त्यानंतर खिळ्यावरचा माउस दोन बोटांत धरून खाली येतो, एका चित्रावर दोनदा टेकतो आणि पुन्हा खिळ्यावर जातो. काळी खिडकी उघडते. वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवलेली ‘माउंट’ची ओळ अण्णा अक्षर अक्षर उच्चारीत टंकतात, निळा पडदा येतो, आणि मग ती दहा बोटे अशा काही गतीने फिरू लागतात की एफ-दोन, टॅब, टॅब, एंटर, एस्केप या कळांचा आवाज बाहेरच्या बाकावर बसलेल्या सभासदांना ओळखता येतो. ‘व्याज लावूलाय,’ कोणी म्हणतो. ‘न्हाई, पावती,’ दुसरा सुधारतो. नव्या प्रोग्रॅमांत ज्या कामास सात चित्रे टिपावी लागतात ते येथे तीन कळांत होते, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे आणि तरुण संचालकांनी पाहण्याचे नाकारले आहे.

या दफ्तरातील सर्वांत हृदयंगम भाग म्हणजे मयत सभासदांची व्यवस्था. डीबेसच्या कुळात नोंद पुसण्याची आज्ञा दिली तरी नोंद पुसली जात नाही. तिच्या डोक्यावर केवळ एक तारा उमटतो आणि ती बेरजेतून बाजूस होते. ‘पॅक’ ही दुसरी आज्ञा दिल्याखेरीज तिला खरी मुक्ती नाही. अण्णांनी तीस वर्षांत पॅक केलेले नाही. माणूस गेला की त्याचा तारा होतो, ही लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट फॉक्सप्रोने अक्षरशः खरी करून दाखवल्यामुळे, ती मोडण्याचा त्यांना धीर होत नाही असे मला वाटते. ते स्वतः मात्र ‘हिशेब असतोय’ एवढेच सांगतात. पावसाळ्यात मार्कंडेय नदीला पूर आला आणि गिऱ्हाइक कमी असले म्हणजे अण्णा ती यादी उघडून खाली-वर फिरवीत बसतात, आणि मी तेथे असलो तर मला बोलावून, हा आमचा पहिला अध्यक्ष, हा बटाट्याचा व्यापारी, हिने तेविसाव्या वर्षी विधवा होऊन गुऱ्हाळ चालवले, असे एकेक तारांकित सभासद दाखवतात. एकदा दोन सारख्या नावांच्या घोटाळ्यात एका जिवंत गृहस्थाच्या डोक्यावर तारा पडला. तो पिग्मीचे पैसे मागावयास आला तेव्हा यंत्राने त्याची ओळख नाकारली. अण्णांनी त्यास बसवले, चहा पाजला आणि ‘रिकॉल’ अशी आज्ञा देऊन तारा काढून टाकला. ही आज्ञा मिळवण्यास सावित्रीस यमामागे किती पावले चालावे लागले हे सर्वश्रुत आहे. अण्णांनी ती खुर्चीवर बसून दिली आणि सेवाशुल्क घेतले नाही.

या प्रोग्रॅमात काहीच बदलता येत नाही हे वर आलेच आहे. त्यातून जो प्रसंग उद्भवला तो आमच्या तालुक्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. टिळकवाडीच्या त्या तरुणाने पावतीच्या माथ्यावर शहराचे नाव छापण्यासाठी रोमन लिपीची बरोबर सात घरे आखली होती, कारण बी, ई, एल, जी, ए, यू, एम अशी सातच अक्षरे तेव्हा लागत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारने शहराचे नाव ‘बेळगावी’ केले, आणि रोमन लिपीत त्यास आठ अक्षरे लागू लागली. सर्व कागदपत्रांवर नवे नाव असावे, असे तपासनिसांनी बजावले. अण्णा कायद्याने चालणारे. त्यांनी पत्त्याच्या नोंदीत आठही अक्षरे भरली, यंत्राने मुकाट्याने घेतली, पण पावतीच्या साच्यात घरे सातच असल्यामुळे आठवे अक्षर, म्हणजे शेवटचा ‘आय’, छापताना गळून पडला. उरलेली सात अक्षरे ज्यास वाचता येतात त्याने वाचून पाहावी: बी, ई, एल, ए, जी, ए, व्ही. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तरी जे झाले नाही ते एका फुटक्या खान्याने करून दाखवले आणि कोणाच्या नजरेसही आले नाही. पहिली पावती माझ्या हातात देताना अण्णांचा चेहरा इतका निर्विकार होता की हे त्यांना ठाऊक होते किंवा नाही याचा निर्णय मी अद्याप करू शकलो नाही. तपासनीस स्वतः आला तेव्हा त्याने ती पावती दिव्याखाली धरली, दोनदा वाचली, हसला, आणि ‘तांत्रिक अडचण’ असा शेरा मारून सही केली. तो धारवाडकडचा होता आणि त्याची आजी मिरजेची होती, असे मागाहून कळले.

इतिवृत्तांची गोष्ट निराळी. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सभांची जी इतिवृत्ते संगणकावर मराठीत टंकली गेली, ती युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टात आहेत. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसल्यामुळे आता ती उघडली की देवनागरीच्या जागी डोक्यावर टिंबे आणि शेंड्या असलेल्या युरोपीय अक्षरांची पलटण कवायत करताना दिसते. पुतण्याने ती पाहून ‘अण्णा, हे गेलं’ असे जाहीर केले. अण्णांनी चष्मा खाली घेतला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवीत ‘विषय क्रमांक तीन, लाभांश नऊ टक्के, सूचक अमुक, अनुमोदक तमुक’ असे घडाघडा वाचून दाखवले. पेशवे दफ्तरात मोडी वाचणारे जाणकार असत, तसे या लिपीचे सध्या उभ्या कडोलीत एकच वाचक आहेत, आणि त्यांना मानधन नाही.

याच पुतण्याच्या हातून अण्णांचा विजय झाला, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हा मुलगा उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत आहे. त्याने ठरवले, की महिनाभर रजा काढावी, अण्णांच्या प्रोग्रॅममधील सर्व माहिती सोडवून घ्यावी आणि संस्थेस नवीन युगात आणावे. पहिल्या दिवशी त्याने मोठ्या तयारीने माहितीची फाइल आपल्या संगणकावर घेतली, आणि ती एक्सेलमध्ये सहज टाकून पाहतो तो सगळे सभासद नाव, गाव, बाकीसह रांगेत उभे! सोडवण्यासारखे काही नव्हतेच. डीबेसच्या काळापासून या फाइलीची रचना इतकी सरळ आहे की जो येईल त्यास ती वाचता येते. मुलगा किंचित खट्टू झाला. मग त्याचे लक्ष फाइलीच्या नावाच्या शेपटाकडे गेले: डी, बी, एफ. त्याचा चेहरा पालटला. ‘काका,’ तो मला म्हणाला, ‘हे तर मी रोज वापरतो.’ नकाशे साठवण्याची जी शेपफाइल नावाची पद्धत जगभर चालते, तिच्यात रेषा आणि सीमा एका फाइलीत असतात, पण कोणत्या शेताचे नाव काय, धनी कोण, क्षेत्र किती, हा तपशील जिच्यात राहतो ती फाइल डीबेसचीच. आणि रकान्याचे नाव दहा अक्षरांहून मोठे का ठेवता येत नाही याबद्दल तो गेली पाच वर्षे बंगळुरास आपल्या वरिष्ठांशी भांडत होता. अण्णांनी ते ऐकले. ‘दहाच,’ ते म्हणाले, ‘आमच्या क्लासात पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की रे. वर उपग्रह फिरूलाय आणि त्याच्या पोटात आमचंच दफ्तर व्हय?’ त्यानंतर दोघे रात्री नऊपर्यंत बसले होते. मुलाने रजा रद्द केली. जाताना तो अण्णांच्या पाया पडला, जे तो माझ्याही पडत नाही.

हल्ली अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्रांतील कात्रणांची भर पडत असते. अमेरिकेतील जॉर्ज मार्टिन हा लोकविख्यात कादंबरीकार आपली हजारो पृष्ठे अजूनही डॉसवरील वर्डस्टार ४.० मध्ये लिहितो, हे एक. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या संदेशयंत्रणेत २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉप्या होत्या, हे दुसरे. जपान सरकारने सरकारी कामांत फ्लॉपीची सक्ती २०२४ मध्ये उठवली, हे तिसरे, ज्याच्या समासात अण्णांनी ‘घाई’ असा शेरा मारला आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला, ते कात्रण उलटे ठेवलेले आहे. उलट, विंडोज दहाचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली ही बातमी सुलटी आणि मधोमध आहे. ‘माझ्या मागनं आला आणि माझ्या आधी रिटायर झाला,’ असे अण्णा येणाऱ्या प्रत्येकास दाखवतात.

तरुण संचालकांनी गेल्या सभेत नव्या प्रोग्रॅमचा ठराव संमत करून घेतला आहे. विक्रेत्याचा प्रतिनिधी आला, सर्व दफ्तर आता ढगात राहील असे त्याने सांगितले, आणि त्याच क्षणी वीज गेली. ढग आमच्याकडे जूनपासून पुष्कळ असतात, त्यांत दफ्तर ठेवण्याची आजवर कोणास बुद्धी झाली नव्हती, एवढेच अण्णा बोलले. नवा प्रोग्रॅम पुढच्या एप्रिलपासून सुरू व्हावयाचा आहे. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस दोन्ही दफ्तरे बरोबरीने चालवावीत, असे पोटठरावात आहे. तो पोटठराव मी मांडला.

पण तूर्त जी अडचण आहे ती याहून तातडीची आहे. पावत्या छापणारा अण्णांचा नऊ पिनी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अद्याप खणखणीत आहे, परंतु त्याची शाईची फीत बेळगावच्या बाजारात मिळेनाशी झाली आहे, आणि सध्याची फीत अण्णा दर रविवारी उलगडून, तिच्यावर शिक्क्याच्या शाईचे थेंब टाकून पुन्हा गुंडाळतात. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत, अथवा बंद पडलेल्या छापखान्यात अशी एखादी फीत पडून असेल, तर ती भंगारवाल्यास देऊ नये. कडोलीच्या एसटीने कंडक्टरजवळ पाठवावी. ‘कॉम्प्युटरकडे द्या’ एवढे सांगितले की पुरे. भाडे अण्णा देतील, आणि रीतसर पावती मिळेल, सात अक्षरांची.